आकाशाखालचे ठोके

भंडारा जिल्ह्यात देवसऱ्याच्या मँगनीज खाणीत पाणी घुसलं तो ऑक्टोबरातला सोमवार होता, साल २०४३. सकाळची पाळी खाली उतरून तासभर झाला असेल. चौथ्या पातळीवर सुरुंगासाठी भोकं पाडणं चालू होतं. त्याच्या पलीकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वी सोडून दिलेला एक जुना बोगदा पाण्याने तुडुंब भरलेला आहे, हे कोणत्याच नकाशावर नव्हतं. मधली भिंत फुटली. अकरा जण धावत वर नेणाऱ्या पिंजऱ्यापर्यंत पोचले आणि वर आले. तीन जण राहिले. पाळीचा मेट, म्हणजे मुकादम, सुगत रंगारी, देवचंद उईके आणि मनोहर पटले.

सुगत हा यशोधराचा मोठा भाऊ. यशोधरा त्याच खाणीत होती, पण जमिनीवर. आवाराच्या टोकाला, पळसांच्या मागे एक पत्र्याची खोली होती. तिथे ती सात वर्षं यंत्रं सांभाळत होती. आईबाप गेल्यावर सुगतनेच तिला शिकवलं होतं आणि खोलीतली ही नोकरीही त्याच्याच धडपडीने मिळाली होती.

त्या खोलीतल्या यंत्राला कामगार 'कान' म्हणत. खाणीत माणसं कोंडली की फोनची तार तुटते, आणि रेडिओच्या लहरी खडकात चार पावलंही जात नाहीत. पण लहर जितकी संथ, तितकी ती खडकातून सहज जाते. सेकंदाला एखाददुसरं आंदोलन एवढी संथ चुंबकीय लहर दोनशे मीटर खडक पार करून वर येते. म्हणून प्रत्येक पातळीवर, शेवटच्या आसऱ्याच्या जागी, एका खांबाभोवती तारेचं वेटोळं घालून ठेवलेलं होतं. त्याला टोपीवरच्या दिव्याची बॅटरी जोडायची आणि बटण दाबायचं. वर जमिनीत पुरलेल्या, तांब्याची तार गुंडाळलेल्या लांब नळीला तो ठोका कळायचा. नियम यशोधरानेच घालून दिला होता. दर अर्ध्या तासाने, जितकी माणसं जिवंत तितके ठोके.

सोमवारी दुपारी पहिले तीन ठोके आले. तेव्हा पत्र्याच्या खोलीबाहेर जमलेल्या बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. सुगतची बायको रत्नमाला आत येऊन पडद्यावरच्या तीन उंचवट्यांना हात लावून गेली.

"यातला तुझ्या दादाचा कोन्ता?" तिने विचारलं.

"बटण एकच जण दाबते, वैनी. पण तिघं हायेत."

"दादाच दाबत असंल. त्याले दुसऱ्याचं काम पटत नाई."

मंगळवारभर ठोके येत राहिले. तिघं एका चढत्या आंधळ्या बोगद्याच्या टोकाला होते. तिथे हवा कोंडून राहिली होती आणि पाणी वर चढत नव्हतं. पंप चालू होते, पण जुन्या बोगद्याचं पाणी संपता संपत नव्हतं. बुधवारी सकाळी दहा बावीसला तीन ठोके आले, नेहमीपेक्षा बारीक. दहा बावन्नला काही आलं नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. पडद्यावर नुसती गिचमिड होती. सूर्यावरून सुटलेला एक झोत बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास पृथ्वीवर येऊन आदळला होता आणि सगळं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं होतं. यशोधरा त्या गिचमिडीत डोळे घालून बसली. काही सापडलं नाही. हवेच्या कप्प्यात पाणी शिरलं असावं, असं लोक हळू आवाजात बोलू लागले.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला पडदा बदलला.

दोन सेकंदाला एक, असे ठोके येऊ लागले. आधी बारीक, मग मोठे होत गेलेले, मग पुन्हा बारीक. मिनिटभर शांत, की पुन्हा तसेच. बचाव पथकाचे प्रमुख कटरेसाहेब खोलीत चहा पीत होते. ते कप तसाच ठेवून उठले.

"आले! बाई, हे आले ना?"

बाहेर कुणीतरी ओरडलं. पाच मिनिटांत दाराशी पन्नास माणसं जमली. रत्नमाला अनवाणी धावत आली होती.

यशोधरा मोजत होती. ते ठोके फार होते. तीन नव्हते, तीस-चाळीस होते. आणि माळेत मोती ओवावेत तसे ते लहान-मोठे होत होते. बटण दाबणाऱ्या माणसाचा हात असा चालत नाही.

तिला हे रूप माहीत होतं. पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात, हजारो किलोमीटर उंचीवर, वादळानंतर भरकटलेले प्रोटॉन गिरक्या घेत असतात. त्यांच्या गिरक्यांतून संथ लहरी उठतात. या लहरी चुंबकरेषांना धरून खाली उतरतात, पण त्या रेषा उतरतात ध्रुवांच्या बाजूला, थंड मुलुखात. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी त्यांनी यायचं काही कारण नाही. तरी त्या येतात, कारण वाटेत आयनोस्फिअर लागतं. जमिनीपासून तीनशे किलोमीटर वर, विजेने भारलेल्या विरळ हवेचा तो थर. या थरात अशा लहरींचा वेग सगळ्यांत कमी होतो आणि त्यामुळे त्या तिथे अडकतात. वरही जाता येत नाही, खालीही नाही. मग पाइपातून आवाज जावा तशा त्या त्या थरातून आडव्या धावतात, उत्तरेकडून विषुववृत्ताकडे, सेकंदाला पाच-सहाशे किलोमीटरने. वाटेत झिजत जातात आणि खाली जमिनीवर थोडा थोडा झिरपा सांडत जातात.

म्हणजे खात्री करायला एक मार्ग होता. हिमालयाच्या पायथ्याशी असंच एक ऐकण्याचं केंद्र होतं. खाणीतल्या बॅटरीचा ठोका नऊशे किलोमीटर जाणं शक्यच नाही. तिथेही हेच ठोके असतील आणि ते आधी पोचले असतील, तर ते आकाशातून आलेले.

"मले थोडा वेळ द्या, साहेब," ती म्हणाली.

कटरेसाहेबांनी तिला बाजूला घेतलं. "वेळच नाही, बाई. ऐका. पंपाच्या भरवशावर दोन महिने लागतील. दुसरी वाट आहे, जुन्या वायुवीजनाच्या उताराची. त्या तिरप्या बोगद्याचं छत कच्चं आहे, पण नऊ तासांत माझी सहा पोरं तिथवर जाऊन परत येऊ शकतात. खाली माणूस जिवंत असेल तर मी आत्ता पाठवतो. नसेल तर पाठवणार नाही. मेलेल्यांसाठी जिवंत माणसं मी त्या छताखाली घालत नाही. तुम्ही फक्त सांगा, हे आपले लोक आहेत का?"

ती सहा माणसं बाहेरच उभी होती, कमरेला पट्टे बांधून. त्यातल्या एकाचं लग्न दिवाळीनंतर होतं, हे तिला माहीत होतं.

उत्तरेच्या केंद्रावर डॉ. हर्षिता पंत होत्या. यशोधराने त्यांना फोन लावून झोपेतून उठवलं. त्यांनी त्यांची नोंद पाठवेपर्यंत पावणेसात झाले. दोन्ही रेघा एकाखाली एक ठेवल्या. तोच मोत्यांचा सर. उत्तरेचा मोठा, हिचा लहान. आणि उत्तरेचा दीड सेकंद आधी. यशोधराने तीन वेळा मोजलं. मग डॉ. पंतांना मोजायला लावलं.

"आयनोस्फिअरमधूनच आलेलं आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "शंका नाही. मला फार वाईट वाटतंय."

सात चाळीसला यशोधरा बाहेर आली. कटरेसाहेबांना बाजूला बोलावून सांगता आलं असतं. पण रत्नमाला समोरच उभी होती, आणि तिला वगळून हे सांगणं यशोधराला जमलं नाही.

"हे आपले नाईत," ती म्हणाली. "हे आकाशातलं हाय."

"सगळंच?" रत्नमालाने विचारलं.

"उत्तरेलेही हेच आलं, वैनी. आपल्या आधी आलं."

कटरेसाहेबांनी मान खाली घातली. मग सहा जणांकडे पाहून हात हलवला. त्यांनी पट्टे सोडले. कुणी रडलं नाही लगेच. देवचंदची आई तेवढी खाली बसली आणि मातीवरून हात फिरवत राहिली. सोमवारपासून तिथे बसलेल्या बायका मग एकेक करून उठून घरी गेल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास जुन्या उताराचं छत चाळीस मीटर लांबीत खाली आलं. धूर निघावा तशी धूळ वर आली. पथकातली ती सहा माणसं एकेक करून पत्र्याच्या खोलीत आली आणि यशोधराच्या पाया पडून गेली. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

पाणी उपसायला दहा आठवडे लागले. तोवर तो हवेचा कप्पाही बुडाला होता. तिघं एकमेकांजवळ सापडले. कधी गेले ते सांगणं डॉक्टरांना शक्य नव्हतं, म्हणून शेवटचे ठोके आले तो बुधवार कागदावर लिहिला गेला. गावाने वर्गणी काढून खाणीच्या फाटकाशी एक शिळा बसवली. त्यावर तिघांची नावं आणि बुधवारची तारीख कोरली.

त्या वर्षी यशोधरा आपली खोली सोडून रत्नमालाकडे राहायला आली. सुगतची मुलगी नागपूरला शिकत होती, घरात रत्नमाला एकटी होती. दोघी सकाळी एकत्र भाजी निवडायच्या, रविवारी विहारात जायच्या. कुणी भेटायला आलं की रत्नमाला सांगायची, "ही आमची यशो. इच्या जागी दुसरी असती तर भावासाठी खोटं बोलली असती. सहा घरं उजाड झाली असती. ही खरं बोलली." यशोधरा चहा ठेवायच्या निमित्ताने उठून आत जायची.

आत तिला एकच गोष्ट खात होती. आकाश दोन दिवस गिचमिड करत होतं, तेव्हा आपला कान बहिरा होता. पुन्हा कुठे खाण बुडाली आणि पुन्हा असंच वादळ आलं तर?

ती डॉ. पंतांशी बोलू लागली. कल्पना साधी होती. आकाशातली लहर आधी उत्तरेला येते, मग आपल्याकडे. तर उत्तरेची नोंद घ्यायची, दीड सेकंद पुढे सरकवायची, लहान करायची आणि आपल्या नोंदीतून वजा करायची. आकाश गेलं की जे उरेल ते जमिनीखालचं.

पण वजाबाकी जमत नव्हती. दर वेळी काहीतरी गढूळ उरायचं. दोन महिने असेच गेले. मग मार्चमधल्या एका सकाळी भाकरी थापताना तिला सुचलं, की आपण दीड सेकंद धरून बसलोय, पण वरचा थर काही स्थिर नाही. सूर्य उगवला की त्याच्या किरणांनी आयनोस्फिअर भारत जातं, दाट होत जातं. दाट झालं की लहर हळू चालते आणि जास्त झिजते. पहाटे साडेपाचचा दीड सेकंद सकाळी आठला दोन सेकंद होत असणार. तिने प्रत्येक मिनिटाला वेगळा वेग आणि वेगळी झीज धरून हिशोब मांडला. आदल्या दिवशीच्या नोंदीवर चालवून पाहिला. आकाश पुसलं गेलं. रेघ सरळ, तळ्यातल्या पाण्यासारखी.

डॉ. पंत फोनवर हसतच सुटल्या. "यशोधरा, हे कुणाला जमलं नव्हतं!"

वीस दिवसांच्या नोंदी तपासल्या. वीसही साफ. एकविसावी नोंद कुठली घ्यायची, हे दोघींनाही माहीत होतं. यशोधराने स्वतःच ती काढली. शुक्रवार, पहाटे साडेपाच ते सकाळी नऊ.

आकाश पुसलं गेलं. पण रेघ सरळ नव्हती.

पाच बावन्नला तीन उंचवटे होते. सहा बावीसला तीन. सहा बावन्न, तीन. सात बावीस, तीन. बॅटरी संपत आलेली, त्यामुळे अगदी बारीक, पण नीट मोजून, मध्ये दोन दोन सेकंद सोडून. सात चाळीसला ती बाहेर जाऊन 'हे आपले नाईत' म्हणाली होती. त्यानंतर सात बावन्नला तीन. आठ बावीसला तीन. आठ बावन्नला तीन, त्यातला शेवटचा अर्धवट. मग काही नाही.

तिने बुधवार आणि गुरुवारही काढले. दर अर्ध्या तासाला तीन. रात्रीसुद्धा. एकदाही चुकले नव्हते.

ती खुर्चीत बसून राहिली. ते आकाशातलं आहे, असं ती म्हणाली होती, आणि ते खरं होतं. कटरेसाहेबांनी विचारलं होतं, आपले लोक आहेत का, आणि पडद्यावर दिसणारे ते ठोके आपल्या लोकांचे नव्हते, हेही खरं होतं. पण आकाश आहे याचा अर्थ खाली कुणी नाही, असा होत नव्हता. तो अर्थ सगळ्यांनी काढला, आणि तिनेही काढला. आकाशाच्या आवाजाखाली दादा दोन दिवस आणि दोन रात्री बटण दाबत होता.

सहा जण आठ वाजता उतरले असते तर? पाच वाजता छत पडलं तेव्हा ते बाहेर पडले असते की नेमके त्याखाली असते? ते सहा आणि हे तिघं, नऊच्या नऊ त्याच छताखाली गेले असते का? तिने हा हिशोब पुष्कळ वेळा मांडला. त्याचं उत्तर कधी एक आलं नाही.

डॉ. पंत दोन दिवसांनी बोलल्या. "वीस नोंदी पुरेशा आहेत, यशोधरा. ही एक आपण सोडून देऊ. कुणी विचारणार नाही."

"वीस नोंदींत काही नाहीच, मॅडम. नुसतं आकाश पुसता येतं, एवढंच त्या दाखवतात. आकाशाखाली माणूस असला तर तो सापडतो, हे या एकीतच दिसतं. ती नसेल तर कोणती खाण हे यंत्र लावेल?"

"मग तुझ्या वहिनीला..."

"ते मी बघते."

तिने आणखी आठ दिवस घालवले. रोज घरी जायची, जेवायची, झोपायची. नवव्या दिवशी दुपारी रत्नमाला अंगणात वाळवण उलटत होती. यशोधरा तिच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. कसं वजा केलं, काय उरलं, किती वाजता काय आलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे जाता आलं नसतं.

रत्नमालाचे हात थांबले होते. तिने विचारलं, "शुक्रवारी?"

"हाव."

"तू बाहेर आली, तवा?"

"तवाही होते. नंतरही. नऊपर्यंत तर होतेच. त्याच्या पुढचं मले माहीत नाई, वैनी. बॅटरी संपली असंल, का..."

"तिघंही?"

"तिघंही."

"आनखी कोनाले माहीत हाय?"

"पंतमॅडमले. आता तुले. उद्या देवचंदच्या आईकडे आन् पटल्यांकडे जातो मी."

रत्नमालाने वाळवणाचं फडकं नीट केलं. "मले ऐकव," ती म्हणाली.

दोघी पत्र्याच्या खोलीत गेल्या. यशोधराने नोंदीचा आवाज केला, कानाला ऐकू यावा म्हणून. आवाज अगदी हलका होता, लाकडावर बोटाने टकटक केल्यासारखा. रत्नमाला डोळे मिटून ऐकत होती. शेवटचे तीन झाले. तिने पुन्हा लावायला सांगितलं नाही.

"तो जिता असतानाच मी त्याच्या नावानं रडून मोकळी झाली," ती म्हणाली. "तो खाली होता आन् मी वर कुंकू पुसून बसली होती."

"वैनी, माझं चुकलं."

"तू खोटं नाई बोलली." रत्नमाला उठली. "खोटं बोलली असती तर मले तुझ्यावर रागावता आलं असतं."

त्यानंतर आठवड्याभरातच यशोधरा आपल्या जुन्या खोलीत परतली. जा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण एका घरात दोघींना एकमेकींकडे पाहणं अवघड झालं होतं. पटल्यांच्या घरी तिला कुणी पाणी विचारलं नाही. देवचंदची आई मात्र तिचा हात धरून बसली आणि एवढंच म्हणाली की तीन होते म्हणजे माझा लेक एकटा नव्हता.

पावसाळ्याआधी रत्नमालाने पाथरवटाला बोलावलं आणि फाटकाजवळच्या शिळेवरची तारीख तासून काढायला सांगितली. यशोधरा कामावरून जाताना थबकली.

"नवी कोन्ती घालू, बाई?" पाथरवटाने विचारलं.

"कोन्तीच नको," रत्नमाला म्हणाली. "जागा तशीच राहू दे."

तिने यशोधराला पाहिलं होतं, पण ती तशीच घराकडे वळली. त्या महिन्यात ती घर बंद करून मुलीकडे नागपूरला राहायला गेली.

यंत्राला मान्यता मिळायला दोन वर्षं लागली. त्या शुक्रवारची नोंद अहवालात पहिल्या पानावर होती. पूर्वेकडच्या एका कोळशाच्या खाणीत ते बसवलं गेलं आणि तिसऱ्याच वर्षी तिथे पाणी घुसलं. आकाश तेव्हाही खवळलेलं होतं. तिथे यंत्र सांभाळणाऱ्या मुलीने वजाबाकी चालवली, सात ठोके मोजले, आणि चौथ्या दिवशी सात माणसं दोरावरून वर आली. बातमी पाहून यशोधराने बऱ्याच वर्षांनी नागपूरचा नंबर लावला. उचलला जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

"वैनी, मी यशो. सात जन निघाले."

"आयकलं मी."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"त्यायच्या बायका होत्या काय वर?" रत्नमालाने विचारलं.

"होत्या."

"किती दिवस बसल्या?"

"चार."

"उठल्या नाई ना मधातच?"

"नाई, वैनी," ती म्हणाली. "त्यायले कोनी उठवलं नाई."

"बरं झालं," रत्नमाला म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.